रोटरी की रेडियल? पहिल्या महायुद्धातलं इंजिन मॅन्युअल वाचताना

1914-15 सालचं विमानाच्या इंजिनाचं मॅन्युअल उघडलं की आकृतीत बहुधा गोलाकार मांडलेले सात किंवा नऊ सिलिंडर दिसतात. पाहणारा लगेच म्हणतो, "रेडियल!" घोळ इथेच होतो, कारण त्या वर्षांतली अशी बरीच इंजिनं रोटरी होती. कागदावर दोन्ही जुळ्या भावांसारखी, पण चालण्याची रीत अगदी उलट.

रेडियलमध्ये सिलिंडर विमानाला पक्के बसवलेले असतात आणि आतला क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) फिरून पुढचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, फिरवतो. रोटरीत क्रँकशाफ्टच विमानाला जखडलेला. सिलिंडर, क्रँककेस (क्रँकशाफ्टभोवतीची पेटी) आणि त्यावर बसवलेला पंखा, हे सगळं धूड मिनिटाला साधारण 1200 फेरे घेत त्याच्याभोवती गरगरतं. सिलिंडर मोजून काहीच कळत नाही. दोन्हींत एका रांगेत विषम संख्याच लागते. फोरस्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणून एकाआड एक सिलिंडर पेटवत जायचं, म्हणजे सातांत 1-3-5-7-2-4-6, आणि सम संख्येत हा क्रम जमत नाही.

मग इंजिनच फिरवायचा हा खटाटोप कशासाठी? थंडाव्यासाठी आणि वजनासाठी. सिलिंडर स्वतःच वारा कापत असल्यामुळे विमान जमिनीवर उभं असतानाही गार राहतात, आणि वेगळं फ्लायव्हील (फिरणं एकसारखं ठेवणारं जड चाक) लागत नाही. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंचं 50 अश्वशक्तीचं 'नोम' इंजिन जेमतेम 75 किलोचं होतं. त्या काळात ही कमालच होती.

त्याची किंमत मोजली मेकॅनिकने. पेट्रोल-हवेचं मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये यायचं. सुरुवातीच्या नोममध्ये ते आत घेणारा व्हॉल्व्ह चक्क पिस्टनच्या माथ्यावर! वंगण म्हणून एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. हे तेल फिरून परत येत नसे. जळून, उडून बाहेर पडायचं, आणि विमान उतरलं की सगळीकडे चिकट थर.

पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश लढाऊ वैमानिक जेम्स मॅककडन याच कामातून घडला. 1913 साली तो रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये (ब्रिटिश लष्कराच्या हवाई दलात) मेकॅनिक झाला आणि ऑगस्ट 1914 मध्ये 3 नंबरच्या स्क्वाड्रनबरोबर फ्रान्सला गेला. त्या स्क्वाड्रनच्या ब्लेरिओ विमानांना नोम इंजिनंच होती. पुढे तो वैमानिक झाला, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी ठरला. तेव्हा त्याच्या एस.ई.5ए विमानात पाण्याने थंड होणारं व्ही-8 इंजिन होतं. जास्त उंची गाठता यावी म्हणून त्याने त्यात हाय-कॉम्प्रेशन (मिश्रण जास्त दाबणारे) पिस्टन बसवून घेतले. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या एका गोष्टीसाठी.

रोटरीची शक्ती वाढवायला गेलं की फिरणारं वजनही वाढतं. हे गरगरणारं वजन भोवऱ्यासारखं वागून विमानाला वळवताना ओढतं. त्यामुळे सॉपविथ कॅमल हे रोटरीवालं ब्रिटिश लढाऊ विमान उजवीकडे झटक्यात वळे आणि नाक खाली घाली. डावीकडे वळताना नाक वर जाई. नवख्या वैमानिकांचे यात जीव गेले. युद्ध संपल्यावर रोटरी मागे पडली आणि रेडियल पुढे आलं. त्यामुळे 1939-40 च्या मॅन्युअलमध्ये गोल मांडणी दिसली, तर ते रेडियलच समजा.

1914 च्या मॅन्युअलमध्ये मात्र उभा छेद काढून पाहा. पंखा शाफ्टवर बसलाय की क्रँककेसवर? एक्झॉस्टचे पाइप आहेत का? रोटरीला ते नसतात. धूर थेट सिलिंडरच्या डोक्यातून बाहेर. गोल मांडणी आणि शिवाय पाण्याचे पाइप दिसले, तर ते साल्मसनचं इंजिन असू शकतं, म्हणजे त्या काळातलं खरंखुरं रेडियल. मोटारीतल्या वान्केल 'रोटरी'चा या कशाशीही संबंध नाही. तिला पिस्टनच नसतात.