कार्बन पोकळीत नव्हे, दगडात साठवतात

सोलापुरात कार्बन साठवणुकीचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली कायमचा ठेवण्याचा, विषय निघाला की वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकतो: ‘जमिनीखालच्या पोकळीत वायू कोंडणार, एक दिवस टाकीसारखा फुटणार.’

अशी पोकळी लागतच नाही. विहिरीच्या ढिगाऱ्यातला काळा दगड उचलून बघा. वाटाण्याएवढी भोकं दिसतील, काहींत पांढरे खडे गच्च बसलेले. लाव्हातल्या बुडबुड्यांची ही भोकं; पाण्यातल्या क्षारांनी ती सावकाश भरली. साठवणुकीत जवळपास हेच घडवतात, फक्त झपाट्यानं. आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या अशाच काळ्या दगडात, सोडला. दोन वर्षांच्या आत त्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त वायूचं खनिज झालं होतं! आपला पाषाणही बेसॉल्टच, पण तिथला आकडा इथे जसाच्या तसा चिकटवू नये.

भूकंपाची भीती मात्र मी झटकणार नाही. १९९३ ची किल्लारी आपण विसरलेलो नाही. तो भूकंप नैसर्गिक होता, पण पंपानं दगडात ढकललेल्या पाण्याचा दाब वाढला तर जुनी भेग सरकू शकते, हे खरंच आहे. म्हणून तर विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत दगडाचा दंडगोल चहूबाजूंनी आवळतात, आत पाणी ढकलतात आणि तो किती दाबाला तडकतो ते मोजतात. पंपाचा दाब त्याच्या बराच खाली ठेवायचा असतो.