चमच्याचं वजन फक्त धातूचं नसतं

एकाच साच्यातून काढलेले चार चमचे आहेत असं समजू. आकार तोच, जाडी तीच, प्रत्येकात ५ घन सेंटिमीटर माल. स्टेनलेस स्टीलचा चमचा ४० ग्रॅमच्या आसपास भरेल, टायटॅनियमचा साडेबावीस, ॲल्युमिनियमचा साडेतेरा. आणि हॉटेलातून पार्सल येणारे डबे ज्या पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्याचा चमचा जेमतेम साडेचार ग्रॅम. ट्रेकसाठी भांडी घेताना बहुतेक जण या घनतेच्या हिशेबापाशीच थांबतात. पण भांडं नुसत्या घनतेवर बनत नाही. ते वाकायला नको, त्याला पोचे पडायला नकोत, त्यातून प्यायलं तर ओठ भाजायला नको आणि गडावर पाण्याचा थेंब थेंब मोजत असताना ते धुताही यायला हवं.

आधी वाकण्याचं बघू. पत्र्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी दुप्पट केली की पत्रा आठपट ताठ होतो, वजन मात्र दुप्पटच वाढतं. हलक्या धातूला याचा मोठा फायदा मिळतो, कारण तो थोडा जाड वापरला तरी परवडतं. २६ सेंटिमीटर व्यासाचं, अर्धा मिलिमीटर जाडीचं सपाट स्टीलचं ताट घेतलं तर त्याचं वजन २१० ग्रॅम येतं. तेवढंच ताठ ताट टायटॅनियमचं करायचं तर जाडी ०.६ मिलिमीटरच्या थोडी वर न्यावी लागेल आणि वजन १५० ग्रॅमच्या जवळ जाईल. ॲल्युमिनियमचं केलं तर जाडी ०.७ मिलिमीटर आणि वजन फक्त १०० ग्रॅम. म्हणजे नुसत्या ताठपणाच्या कसोटीवर ॲल्युमिनियम टायटॅनियमला सहज मागे टाकतं, आणि तेही किमतीच्या अगदी लहान हिश्शात. दुकानात टायटॅनियमच्या ताटलीपुढे उभं राहिल्यावर हा हिशेब आठवावा, असं मला मनापासून वाटतं.

चमच्याच्या दांड्याला मधोमध खोलगट पन्हाळी किंवा उठावाची रेघ असते, तीही याच नियमाची करामत. धातू मधल्या पातळीपासून वर-खाली सरकला की तेवढ्याच वजनात दांडा कितीतरी ताठ होतो. सपाट दांड्याचा पातळ चमचा घट्ट खिचडीत वाकतो. पन्हाळीचा, वजनाने तेवढाच असूनही, वाकत नाही. दुकानात चमचा उचलताना धातू कोणता हे विचारण्याआधी दांड्यावरून अंगठा फिरवून बघावा.

मग टायटॅनियमला इतका मान कशामुळे? त्याच्या ताकदीमुळे. ताठपणा म्हणजे किती लवतं, आणि ताकद म्हणजे किती जोर दिल्यावर ते कायमचं वाकतं किंवा त्याला पोचा पडतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांड्यांसाठी वापरलं जाणारं शुद्ध टायटॅनियम मऊ ॲल्युमिनियमच्या कित्येक पट जोर सोसतं. त्यामुळे मगासारख्या गोल भांड्यात, जिथे ताठपणा आकारातूनच मिळतो, तिथे भिंत ०.४ मिलिमीटरपर्यंत पातळ ठेवता येते आणि सॅकमध्ये दाबला गेला तरी मग चेपत नाही. दुसरं कारण म्हणजे आंबट पदार्थ. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. चिंच, कोकम, टोमॅटो यांतलं आम्ल तो थर हळूहळू खातं. सोलकढी किंवा आमटी जर्मनच्या पातेल्यात रात्रभर ठेवू नये, हे घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलं असतं ते याचसाठी. विजेच्या साहाय्याने तो थर जाड आणि कडक केला की त्याला ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम म्हणतात. ट्रेकसाठीची करड्या रंगाची भांडी त्याची असतात आणि ती आंबटाला बऱ्यापैकी तोंड देतात. टायटॅनियमचा ऑक्साइड मात्र अन्नातल्या कुठल्याच आम्लाला दाद देत नाही.

हा धातू महाग आहे तो दुर्मिळ असल्यामुळे नव्हे. आपल्याच रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळसर वाळूत इल्मेनाइट हे त्याचं खनिज सापडतं, केरळच्या चवऱ्याच्या किनाऱ्यावर तर भरपूर. अडचण आहे ती ऑक्सिजनपासून त्याला सोडवण्याची. लोखंडासारखं कोळशाने ते जमत नाही, कारण टायटॅनियम कार्बनशीच घट्ट संयुग करून बसतं. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी १९४०च्या सुमारास वाट काढली. आधी खनिजाचं क्लोराइड बनवायचं, मग हवा पूर्ण वगळून वितळलेल्या मॅग्नेशियमने त्यातला क्लोरीन ओढून घ्यायचा. बंद भांड्यात, घाण्याघाण्याने, दिवसच्या दिवस चालणारी ही प्रक्रिया आजही मुख्यत्वे तशीच आहे. मगाची किंमत तिथून येते.

आता ओठ. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की सांध्यावरचं तापमान त्या दोघींच्या मधे कुठेतरी ठरतं. ते कोणाकडे झुकेल हे प्रत्येकीची उष्णतावहन क्षमता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकारावर ठरतं. हा गुणाकार धातूत फार मोठा, त्वचेत लहान, प्लॅस्टिकात आणि लाकडात त्याहून लहान. ८० अंशांची जाड स्टीलची कड ३४ अंशांच्या ओठाला लागली तर सांधा ७४ अंशांच्या आसपास जातो, ॲल्युमिनियमची असेल तर ७८च्या जवळ. तेवढ्याच गरम प्लॅस्टिकची कड लागली तर ४८. तापमापक सगळ्यांना ८० अंशच दाखवेल, ओठाला मात्र प्रत्येक कड वेगळी लागते.

पातळपणा इथे मदतीला येतो. ०.४ मिलिमीटरच्या टायटॅनियमच्या कडेत साठलेली उष्णता इतकी थोडी असते की ओठ टेकताच ती संपते, आणि टायटॅनियम उष्णतेचा मंद वाहक असल्याने खालच्या चहातून नवी उष्णता लवकर वर चढत नाही. ॲल्युमिनियम स्टील-टायटॅनियमच्या दहापटीच्या आसपास उष्णता वाहून नेतं. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या मगाची कड चहा गरम असेपर्यंत गरमच राहते, आणि चहा प्यायच्या जोगा होतो तोवर भिंतींतून उष्णता निसटून तो गारही होऊ लागतो. चहासाठी ॲल्युमिनियम नको, हे माझं ठाम मत आहे. स्टीलचा पातळ पेला किंवा टायटॅनियमचा मग घ्यावा. वजनाचीच फार ओढ असेल तर पॉलिप्रॉपिलीनचा कप घ्यावा.

प्लॅस्टिकचा विषय निघालाच आहे तर त्यात एक गोष्ट जिवावरची नसली तरी जेवणावरची आहे. पॉलिप्रॉपिलीनचे लांबलचक रेणू शून्य अंशाच्या खालीवर कुठेतरी आपली हालचाल थांबवतात आणि तो चिवट पदार्थ ठिसूळ होतो. सह्याद्रीत वर्षानुवर्षं टिकलेला चमचा हिमालयातल्या बर्फाच्या कॅम्पवर गोठलेल्या मधात खुपसला की मानेपाशी कट्कन तुटतो. पॉलिकार्बोनेटचे चमचे थंडीत कितीतरी जास्त तग धरतात. पाण्याच्या बाटलीचं पेट प्लॅस्टिक याच्या उलट टोकाला गडबडतं. ते ७० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून बाटली कापून केलेल्या पेल्यात चहा ओतला की पेला आकसून वेडावाकडा होतो. आणि वजनाच्या स्पर्धेत सगळ्यांना हरवणारे ते दोन-तीन ग्रॅमचे वापरून फेकायचे चमचे आणि प्लेट यांच्यावर महाराष्ट्रात मार्च २०१८पासून आणि देशभर १ जुलै २०२२पासून बंदी आहे. गडांच्या कड्यांखाली अडकलेला त्यांचा ढीग पाहिलेल्या कोणालाही त्यामागचं कारण समजावून सांगावं लागणार नाही.

इतकं झाल्यावर एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा: या ग्रॅमांनी शरीराला नेमका किती फरक पडतो? २०० ग्रॅम जास्तीचं वजन १००० मीटर वर न्यायला सुमारे २००० जूल काम लागतं. स्नायूंची कार्यक्षमता पावपट धरली तर शरीर ८००० जूल, म्हणजे जवळजवळ २ किलोकॅलरी खर्च करतं. एका ग्लुकोज बिस्किटाचा हा दहावा हिस्सा. एकट्या ताटलीसाठी हजारो रुपये मोजण्याचं समर्थन या आकड्यातून होत नाही. दहा किलोची सॅक अशाच दोनदोनशे ग्रॅमांची बनते आणि उतरताना गुडघे प्रत्येक ग्रॅमची नोंद ठेवतात, हे खरंच आहे. म्हणून हलकं करायचं ते सगळ्याच सामानाचा विचार करून.

सह्याद्रीत त्या सामानातली सगळ्यात जड वस्तू असते पाणी. फेब्रुवारीनंतर बऱ्याच गडांवरची टाकी आटतात किंवा उरलेलं पाणी पिण्याजोगं राहत नाही, आणि माणशी तीन-चार लिटर खालूनच वर न्यावं लागतं. अशा वेळी ताट, दोन वाट्या, पेला आणि चमचा असा घरचा सरंजाम नेला तर कितीही काटकसर करा, धुवायला अर्धा-पाऊण लिटर पाणी जातं. स्टीलचं ताट सोडून ॲल्युमिनियमचं घेतल्याने वाचले ११० ग्रॅम, आणि ते ताट-वाट्या धुण्यासाठी पाठीवर चढवले ५०० ते ७५० ग्रॅम! भांड्याचं ट्रेकमधलं वजन मोजायचं तर त्याला धुवायला लागणारं पाणी त्याच्या पारड्यात टाकलंच पाहिजे. एकदा ते टाकलं की धातूचा वाद मागे पडतो आणि भांडी किती, हा प्रश्न पुढे येतो. एकट्याने जाणाऱ्याने ज्यात शिजवलं त्यातच खावं. गटाने जाताना माणशी एक खोलगट वाडगा किंवा डबा, एक पेला, एक चमचा पुरतो. आणि पिठलं-भाकरी असेल तर चमचाही नको. भाकरीचा तुकडा हाच चमचा, शून्य ग्रॅमचा, न धुता संपणारा. फक्त त्याआधी हात साबणाने धुवावेत. तेवढ्या पाण्यात कंजुषी करू नये, कारण उलट्या-जुलाब पसरवणारे काही विषाणू सॅनिटायझरला पुरेसे दबत नाहीत.

धुण्यातही रसायन आहे. भात-खिचडीतला स्टार्च शिजताना फुगून चिकट होतो आणि वाळला की भांड्यावर कागदासारखा कडक पापुद्रा धरतो. जेवण संपताच शेवटच्या घासाने किंवा बोटाने वाडगा पुसून, दोन घोट गरम पाणी घालून हलवावं आणि ते पिऊन टाकावं. ताटात पाणी फिरवून पिणारे आजोबा ज्यांनी पाहिलेत त्यांना हे नवीन नाही. पाणी गरमच हवं, कारण तूप थंडीत गोठतं आणि गार पाण्याने नुसतं पसरतं. तूप-तेलाचं भांडं चुलीच्या राखेने घासलं तर राखेतले क्षार तेलाचा थोडा साबणच करतात. पण हे फक्त स्टीलसाठी. ॲल्युमिनियमचा रक्षक थर आम्लाइतकाच अल्कलीलाही बळी पडतो, आणि राख लावलेलं जर्मनचं भांडं काळवंडतं. स्टीलला माती, राख, काथ्या काहीही चालतं. ज्या गटात भांडी कोण घासणार हे आधी ठरलेलं नसतं, त्या गटाने स्टीलच न्यावं. आणि घासायचं ते टाक्याच्या काठावर नव्हे, पाणी काढून घेऊन, दूर जाऊन.

चमचा आणि काटा एकात असलेले स्पॉर्क बाजारात भरपूर मिळतात. कल्पना जुनी आहे; १८७४ साली अमेरिकेत सॅम्युअल फ्रान्सिस यांनी चमचा, काटा आणि सुरी एकत्र करण्याचं पेटंट घेतलं होतं. नूडल्स खाणाऱ्याला त्यांचा उपयोग आहे. आपल्या वरण-भाताला, सूपला आणि खिमटीला मात्र ते दाते आड येतात, पातळ पदार्थ गळतो आणि वाडग्याचा तळ नीट निपटता येत नाही. साधा, रुंद, गोल टोकाचा चमचा बरा.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. तिथे जेवण वाढून घेतल्यावर पाच मिनिटांत गार होतं, आणि त्याचं मुख्य कारण असतं पसरट ताटली. उष्णता पृष्ठभागातून जाते, वाफही तिथूनच उठते आणि जाताना बरीच उष्णता घेऊन जाते. तेवढाच भात खोल डब्यात असेल तर हवेला लागणारा पृष्ठभाग निम्म्याहून कमी होतो, आणि घास घेताघेता झाकण अर्धवट टाकून ठेवता येतं. डबा हातात धरायचा तर त्याला बाहेरून लोकरीचा जुना पायमोजा चढवावा. बोटं भाजत नाहीत आणि डाळही शेवटच्या घासापर्यंत कोमट राहते.