लंडन–पॅरिस : हवाई अंतर आणि उड्डाणवेळ

लंडन आणि पॅरिस यांच्यातले सरळ रेषेतले अंतर सुमारे ३४४ किलोमीटर आहे. हे अंतर शहराच्या वेशीपासून वेशीपर्यंतचे नव्हे. लंडनची अंतरे परंपरेने मध्यवर्ती चेअरिंग क्रॉस चौकापासून मोजतात, तर पॅरिसची नोत्रदाम चर्चसमोरच्या चौकात फरशीत बसवलेल्या धातूच्या खुणेपासून. हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिमेला आहे आणि शार्ल द गोल पॅरिसच्या ईशान्येला. तरी त्या दोहोंतले अंतरही साडेतीनशे किलोमीटरांच्या आतच भरते.

वेळापत्रकात या उड्डाणाला साधारण सव्वा तास दिलेला असतो, पण विमान प्रत्यक्ष हवेत असते ते पाऊण तासाच्या आसपास. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ उड्डाणाच्या खात्यात धरतात. त्यामुळे धावपट्टीकडे रांगेने सरकणेही त्यातच आले. उंची गाठते न गाठते तोच विमान उतरू लागते.

तिकिटावरच्या वेळा वाचताना मात्र नवखा माणूस हमखास चकतो. लंडनहून ९ वाजता निघालेले विमान पॅरिसला सव्वाअकराला पोचते आणि पॅरिसहून ९ ला निघालेले लंडनला सव्वानऊला! पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते, आणि दोन्हीकडची घड्याळे उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी एकाच क्षणी बदलत असल्याने हा फरक वर्षभर कायम राहतो. भूगोलाने पाहिले तर तो असायचे कारण नाही. १९११ साली फ्रान्सने ग्रिनिचची, म्हणजे लंडनचीच, वेळ स्वीकारलीही होती. फक्त कायद्यात ग्रिनिचचे नाव येऊ दिले नाही, ‘पॅरिसची वेळ, ९ मिनिटे २१ सेकंद मागे’ असे लिहिले. १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस घेतले आणि घड्याळे बर्लिनला जुळवली. युद्ध संपले, तास तिथेच राहिला.

या मार्गावरची रोजची प्रवासी विमानसेवा २५ ऑगस्ट १९१९ रोजी सुरू झाली. आजच्या हीथ्रोजवळच्या हाउन्स्लो हीथ मैदानावरून निघालेल्या पहिल्या विमानात एकच प्रवासी होता. सोबत वर्तमानपत्रे, कातडे, डेव्हनशरची साय आणि शिकार केलेले पक्षी. पॅरिसजवळच्या ल बूर्जे विमानतळावर पोचायला सुमारे अडीच तास लागले. तेव्हाचे वैमानिक खालचे रस्ते आणि रूळ बघत विमान हाकत. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समधल्या पिकार्दीवर धुक्यात, असाच रस्ता धरून समोरासमोर आलेली दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतले सातही जण गेले.

आज विमानाचा खरा प्रतिस्पर्धी आहे १९९४ पासून समुद्राखालच्या बोगद्यातून धावणारी युरोस्टार रेल्वे. रुळांवरून अंतर वाढून ४९२ किलोमीटर होते, तरी लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाहून पॅरिसच्या गार दु नोरला ती सव्वादोन तासांच्या थोडी वरच पोचते, तीही शहराच्या मध्यात. विमानवाल्याचे तेवढे तास विमानतळावर लवकर पोचण्यात आणि सामानाच्या पट्ट्यापाशीच खर्ची पडतात.

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्याला ब्रिटनचा आणि शेंगेनचा (फ्रान्ससह अनेक युरोपीय देशांचा सामाईक) असे दोन वेगळे व्हिसा दोन्ही मार्गांनी लागतातच. रेल्वेने गेल्यास फ्रेंच पोलीस कागद तपासतात ते लंडनच्याच स्थानकात, गाडीत बसण्यापूर्वी.