पीएनएच चाचणीचे बिलिंग कोड

पॅरोक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया, म्हणजे पीएनएच, या दुर्मीळ रक्तविकाराच्या निदानचाचणीचे पैसे मागताना बिलावर आणि दाव्याच्या अर्जावर लिहायचे कोड. चाचणी कोणती केली हे एक कोड सांगतो, ती का केली हे दुसरा. दोन्ही जुळले नाहीत तर दावा अडतो.

पीएनएच जन्मजात नसतो. अस्थिमज्जेतील मूळपेशीच्या पिग-ए जनुकात पुढे कधीतरी बिघाड होतो. मग तिच्यापासून झालेल्या रक्तपेशींवर सीडी५५ आणि सीडी५९ ही संरक्षक प्रथिने टिकत नाहीत व रक्तातली कॉम्प्लिमेंट ही रोगप्रतिकार यंत्रणा तांबड्या पेशी फोडत राहते. निदान फ्लो सायटोमेट्रीने होते, म्हणजे एकेका पेशीवर लेझर टाकून तिच्यावरची प्रथिने तपासतात. नुकतेच रक्त चढवले असेल तर दात्याच्या पेशी मिसळून तांबड्या पेशींचा आकडा फसवतो, म्हणून पांढऱ्या पेशीही तपासतात. त्यामुळे एका नमुन्यावर अनेक मार्कर, म्हणजे तपासायची निरनिराळी प्रथिने, लागतात.

अमेरिकेच्या सीपीटी या वैद्यकीय सेवांच्या कोड पद्धतीत पहिल्या मार्करला ८८१८४, पुढच्या प्रत्येक मार्करला ८८१८५ आणि २ ते ८ मार्करच्या अर्थनिर्णयाला ८८१८७ हा कोड आहे. आठ मार्कर वापरले तर ८८१८५ सात वेळा लागतो. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांत अमेरिकी रुग्णालयांच्या बिलांचे कोडिंग चालते. मोजणी जमते; संशयाचे कोडिंग खरे अवघड. बाह्यरुग्णाच्या बाबतीत केवळ संशयावर डी५९.५ हा पीएनएचचा आजार-कोड (आयसीडी-१० या आजारांच्या कोड यादीतला) लावायला अमेरिकेत मनाई आहे. लघवीतून हिमोग्लोबिन जात असेल तर आर८२.३, असे लक्षणच नोंदवावे लागते. निदान पक्के झाल्यावरच डी५९.५ येतो.

ठाण्यातल्या रुग्णाच्या हातात पडणारी पावती निराळी. तिच्यावर बहुधा त्या लॅबचा स्वतःचा टेस्ट कोड असतो आणि तो दुसऱ्या लॅबमध्ये चालत नाही. आजाराचा आयसीडी-१० कोड मात्र इथेही लागतो: मेडिक्लेमच्या दावा अर्जाचा भाग ब रुग्णालय भरते, त्यात तो विचारलेला असतो. ओपीडीतल्या चाचण्या बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत. केवळ तपासणीसाठी दाखल व्हावे, तर तो खर्च पॉलिसीच्या एक्सक्लूजन ०४ या अपवाद-कलमाखाली वगळला जातो. उरते ती दाखल होण्यापूर्वीच्या खर्चाची तरतूद. तिची मुदत पॉलिसीप्रमाणे, अनेकदा ३० दिवस, आणि चाचणी त्याच आजाराची असायला हवी.

घोळ होतो तो इथेच, आणि तो टाळता येतो. पीएनएचमध्ये यकृताच्या शिरांत गुठळी होऊ शकते. त्या बड-कियारी सिंड्रोमचा कोड आय८२.०. रुग्ण गुठळीसाठी दाखल झाला आणि अर्जावर तेवढाच कोड पडला, तर आधीच्या फ्लो सायटोमेट्रीचे बिल टीपीएला, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेला, असंबद्ध वाटू शकते. याच अर्जात अतिरिक्त निदानाचा रकाना आहे. तिथे डी५९.५ आणि डिस्चार्ज कार्डावर पीएनएचचा स्पष्ट उल्लेख, हे दोन्ही रुग्ण घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.