डिमरवर ११५ की १६३? साधा मल्टिमीटर आणि ट्रू आरएमएस

शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब, त्याच्या अलीकडे गोल फिरणारा डिमर. होल्डरच्या टर्मिनलवर दोन मल्टिमीटर एकाच वेळी लावलेले, दोन्ही एसी व्होल्टवर. डिमर पूर्ण उघडा असताना दोघांचे आकडे २३० च्या आसपास, जवळपास सारखेच. डिमर उतरवत निम्म्यावर आणला की एक ११५ म्हणतो आणि दुसरा १६३. दोघांच्या बॅटऱ्या नव्या, प्रोब धड, आणि दोघांच्या माहितीपत्रकात अचूकता एक टक्का लिहिलेली.

बरोबर आहे तो १६३ वाला. पण ११५ वालाही बिघडलेला नाही, तो त्याच्या पद्धतीने हिशोब करतोय. मल्टिमीटर घेताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘ट्रू आरएमएस’ म्हणजे जास्त अचूक मीटर, असं दुकानात सांगितलं जातं आणि लोक तसंच धरून चालतात. खरा फरक अचूकतेचा नाही, मोजायची लाट कुठल्या आकाराची आहे याचा आहे.

साधा मीटर एसी आली की ती एका बाजूला वळवतो, तिची सरासरी काढतो आणि त्या सरासरीला १.११ ने गुणून पडद्यावर टाकतो. २३० व्होल्टच्या शुद्ध साइन लाटेचा पीक (लाटेचा सगळ्यात वरचा बिंदू) ३२५ व्होल्ट आणि सरासरी २०७. २०७ गुणिले १.११ म्हणजे २३०. हिशोब जुळला. पण तो १.११ चा गुणक फक्त साइन लाटेसाठी खरा आहे. ट्रू आरएमएस मीटर लाटेच्या प्रत्येक क्षणाच्या व्होल्टेजचा वर्ग करतो, वर्गांची सरासरी काढतो आणि तिचं वर्गमूळ घेतो. हे काम एडी७३७ सारखी एखादी चिप करते, किंवा मीटरचा मुख्य आयसीच करतो. असा आलेला आकडा, म्हणजेच आरएमएस, हा तेवढीच उष्णता देणारं डीसी व्होल्टेज असतो. बल्ब, हीटर, वायर, फ्यूज या सगळ्यांना कळतो तो हाच आकडा.

निम्म्यावरचा डिमर प्रत्येक अर्धलाटेचा पहिला अर्धा भाग कापून टाकतो. उरलेल्या लाटेत ऊर्जा बरोबर निम्मी राहते, म्हणून आरएमएस २३० भागिले १.४१४, म्हणजे १६३. सरासरी मात्र २०७ वरून सरळ निम्मी होते: १०३.५. तिला १.११ ने गुणलं की ११५. खऱ्यापेक्षा २९ टक्के कमी, आणि तेही ‘अचूकता एक टक्का’ छापलेल्या मीटरवर. माहितीपत्रकात त्या एक टक्क्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘साइन वेव्ह’ लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. (हा प्रयोग पंख्याच्या खटखट आवाज करणाऱ्या स्टेप रेग्युलेटरवर करू नका. त्यात कॅपॅसिटर असतात, लाट फारशी कापली जात नाही, त्यामुळे फरक दिसणार नाही. गुळगुळीत फिरणारा रेग्युलेटर हवा. आणि बल्बचा लोड हवाच. लोड नसेल तर डिमरच्या आतल्या कॅपॅसिटरमधून झिरपणारं व्होल्टेज मीटरला जवळपास पूर्ण दिसतं.)

चूक नेहमी कमी दाखवण्याचीच असते असं नाही. स्क्वेअर वेव्हवर साधा मीटर ११ टक्के जास्त दाखवतो, त्रिकोणी लाटेवर साधारण चार टक्के कमी.

यातून नुकसान कुठे होतं, तर घरच्या स्वस्त इन्व्हर्टरमध्ये. साइन नसलेले इन्व्हर्टर पायऱ्यांची लाट देतात: थोडा वेळ अधिक ३२५ व्होल्ट, थोडा वेळ शून्य, मग उणे ३२५. लाट निम्मा वेळ चालू असेल तर आरएमएस बरोबर २३० येतो. साध्या मीटरवर तिथेच १८० दिसतात. ‘आउटपुट कमी पडतंय’ म्हणून झाकण उघडलं जातं आणि आतला प्रीसेट (आउटपुट कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू) फिरवून मीटरवर २३० आणले जातात. त्यासाठी लाट साधारण ६४ टक्के वेळ चालू ठेवावी लागते, म्हणजे खरा आरएमएस जातो २६० वर. बल्ब लवकर उडतात, पंखा गरम होतो, आणि दोष मात्र इन्व्हर्टरवर येतो.

दुसरं ठिकाण ऑफिसांचं. ऐरोली-महापे पट्ट्यात एकेका मजल्यावर शेकड्यांनी कॉम्प्युटर आहेत. त्यांच्यातला साधा एसएमपीएस (मेनच्या एसीपासून डीसी बनवणारा पुरवठा) बऱ्याचदा सतत करंट घेत नाही, व्होल्टेजच्या पीकपाशी थोडा वेळ जोराने खेचतो. समजा दर १० मिलिसेकंदाच्या अर्धलाटेत २ मिलिसेकंदच करंट वाहतो. फेजमध्ये खरे १० अँपिअर असतील तर साधा टाँग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर) ५ दाखवेल, बरोबर निम्मे. तीनही फेजवर असाच सारखा लोड असेल तर न्यूट्रलमध्ये शून्य यायला हवं, हे आयटीआयमध्ये शिकवलेलं असतं. पण या तुकड्या-तुकड्याच्या करंटमध्ये तीन फेजचे ठोके एकमेकांवर येतच नाहीत, त्यामुळे एकमेकांना खोडतही नाहीत. सगळे न्यूट्रलमध्ये रांगेने उतरतात: १७.३ अँपिअर, तेही १५० हर्ट्झला. फेजच्याच मापाची न्यूट्रल वायर टाकली असेल तर तिच्यात फेजपेक्षा तिप्पट उष्णता तयार होते. फेजला साध्या टाँग टेस्टरने पाच अँपिअर पाहून ‘लोडच नाही’ म्हणत पुढे जाणारा माणूस न्यूट्रलची लिंक का काळी पडते हे शोधत बसतो. इथे ट्रू आरएमएस क्लॅम्पशिवाय हात लावू नये.

अशा ठोक्यांच्या करंटला ट्रू आरएमएसचीही एक मर्यादा असते, ती म्हणजे क्रेस्ट फॅक्टर. पीक आरएमएसच्या किती पट आहे, हा तो आकडा. साइनला १.४१, वरच्या एसएमपीएसच्या उदाहरणात सव्वादोनच्या जवळ. बऱ्याच मीटरना पूर्ण रेंजवर ३ पर्यंत चालतं. त्याहून टोकदार करंट असेल तर आतला ॲम्प्लिफायर पीक कापतो आणि आकडा गुपचूप कमी येतो, पडद्यावर ‘ओएल’ (ओव्हरलोड) वगैरे काही उमटत नाही. ओळखायची युक्ती सोपी: ऑटोरेंज बंद करून एक रेंज वर जा. आकडा वाढला तर आधीचा कापलेला होता.

आता एक गंमत, जिथे महागडा मीटर गोंधळतो आणि स्वस्तातला बऱ्यापैकी बरोबर येतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमधली लिफ्ट असो की रबाळ्याच्या कारखान्यातला कन्व्हेयर, मोटारीपुढे व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असतोच. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या आत डीसी बस साधारण ५८७ व्होल्टची, आणि आउटपुटला त्याच उंचीचे सेकंदाला हजारो पल्स. ड्राइव्ह २५ हर्ट्झवर असताना मोटारीला उपयोगी पडणारं व्होल्टेज २०७ च्या आसपास असतं. पण पूर्ण पल्ससकट आरएमएस काढला तर तो सुमारे ३३० निघतो. रुंद बँडविड्थचा, म्हणजे बऱ्याच वरच्या फ्रीक्वेन्सीपर्यंत मोजणारा, ट्रू आरएमएस मीटर प्रामाणिकपणे तोच दाखवतो, आणि ‘ड्राइव्ह जास्त व्होल्टेज देतोय’ अशी तक्रार सुरू होते. अशा लाटेची सरासरी मात्र मूळ साइनच्या सरासरीइतकीच असते, म्हणून साधा मीटर २०७ च्या जवळ जातो. मधल्या दर्जाचा, एक किलोहर्ट्झपर्यंतचा ट्रू आरएमएस मीटर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबतो, आणि त्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. ड्राइव्हवर रोजचं काम असेल तर लो-पास फिल्टर (वरच्या फ्रीक्वेन्सी गाळून टाकणारा) असलेला मीटर घ्यावा. फ्लूक ८७ व्ही मध्ये अशी सोय आहे. फक्त सप्लाय बंद झाला की नाही हे पाहताना फिल्टर काढा, नाहीतर वरच्या फ्रीक्वेन्सीचं धोकादायक व्होल्टेज झाकलं जातं.

सोल्डरिंगच्या टेबलावर आणखी एक प्रकार दिसतो. बिट लवकर जळू नये म्हणून बरेच जण सोल्डरिंग आयर्नच्या वायरमध्ये अर्धी लाट अडवणारा एक १एन४००७ डायोड टाकतात आणि तो वगळायला स्विच ठेवतात. २५ वॉटचं आयर्न मग साडेबारा वॉटवर चालतं. त्याच्यावर आता किती व्होल्ट आहेत? खरे १६३. ट्रू आरएमएस मीटर एसीवर लावा, तो १२५ म्हणेल, कारण बहुतेक मीटर एसी रेंजवर आतल्या कॅपॅसिटरने डीसी अडवतात आणि फक्त उरलेली हलती लाट मोजतात. डीसी रेंजवर १०३.५ दिसेल. दोघांचे वर्ग करून बेरीज घ्या आणि वर्गमूळ काढा, १६३ मिळतील. ज्या मीटरवर ‘एसी+डीसी’ लिहिलेलं असतं तो हे स्वतः करतो. लाटेत डीसी मिसळलेली असेल तेव्हा नुसतं ‘ट्रू आरएमएस’ पुरत नाही.

हेच डीटी८३० जातीच्या दोनशे-अडीचशे रुपयांच्या पिवळ्या मीटरने पाहिलं तर जादूच होते. प्रोब एका बाजूने लावला तर २३० च्या आसपास, उलटवून लावला तर शून्य. त्याच्या एसी रेंजमध्ये एकच डायोड असतो आणि डीसी अडवणारा कॅपॅसिटरच नसतो. खात्री करायची तर १२ व्होल्टची बॅटरी एसी २०० च्या रेंजवर लावा: एका दिशेने पंचविसेक व्होल्ट, दुसऱ्या दिशेने शून्य. डीसीसाठी, बझर असेल तर त्यासाठी, भिंतीच्या सॉकेटमध्ये सप्लाय आहे का एवढं पाहायला तो चालतो. एसी करंटची रेंज त्याला नसतेच, आणि १० अँपिअरच्या सॉकेटला फ्यूज नसतो, तसं त्याच्यावरच छापलेलं असतं. वागळे इस्टेटमधल्या पॅनलमध्ये तो नेऊ नये. तिथे कॅट थ्री ६०० व्होल्ट या सुरक्षा-रेटिंगचा आणि सिरॅमिक एचआरसी (शॉर्टचा मोठा करंट सुरक्षितपणे तोडणाऱ्या) फ्यूजचा मीटर लागतो. काचेचा फ्यूज शॉर्टच्या करंटला फुटून आतच ठिणगी धरून ठेवतो.

मग कोणी काय घ्यावं? मोबाइल, लॅपटॉपचे बोर्ड, अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एलईडी ड्रायव्हरची डीसी बाजू, बॅटरी पॅक, एवढंच काम असेल तर ट्रू आरएमएससाठी जास्तीचा पैसा घालू नका. डीसी रेंजवर दोन्ही मीटर सारखेच वागतात. तेच पैसे ६००० काउंटच्या (जवळपास ६००० पर्यंत आकडे दाखवणाऱ्या) पडद्यात, अर्धा टक्का किंवा त्याहून चांगल्या डीसी अचूकतेत, मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये आणि लगेच वाजणाऱ्या बझरमध्ये घाला. बझर अर्धा सेकंद उशिरा वाजला तरी चाळीस पिनांच्या कनेक्टरवर जीव जातो. ५ व्होल्टची लाइन २००० काउंटच्या मीटरवर २० च्या रेंजला ५.०३ दिसते, ६००० काउंटवर ५.०३२. सेलमधला बारीक फरक शोधताना तो तिसरा आकडा उपयोगी पडतो. इन्व्हर्टर, डिमर, यूपीएस, एसएमपीएसची इनपुट बाजू, वेल्डिंग, ऑफिसांचं वायरिंग, यात हात असेल तर मात्र ट्रू आरएमएस हवाच, आणि करंटसाठी ट्रू आरएमएस क्लॅम्प.

मोठं नाव पाहून गृहीत धरू नका. फ्लूक १७बी+ हा भक्कम मीटर आहे, पण सरासरीवाला आहे. उलट अनेंग एएन८००८ सारखा स्वस्त चिनी मीटर ट्रू आरएमएस आहे. त्याचा फ्यूज आणि इन्सुलेशन पाहून त्याला टेबलावरच ठेवावा, पॅनलमध्ये नेऊ नये. ट्रू आरएमएस आणि सुरक्षितता ही दोन वेगळी परिमाणं आहेत. एकात पास झालेला मीटर दुसऱ्यात नापास असू शकतो.

ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मीटर घ्यायला जाणार असाल तर खिशात एक अर्डुइनो उनो आणि ९ व्होल्टची बॅटरी ठेवा. त्याच्यासोबत येणारा ‘ब्लिंक’ प्रोग्रॅम उघडून दोन्ही ठिकाणचे १००० चे १० करा. पिन १३ वर ५० हर्ट्झची ५ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह मिळते. पिन १३ आणि ग्राउंडच्या मध्ये मीटर एसी व्होल्टवर लावा. २.५ च्या जवळ आला तर ट्रू आरएमएस, २.७८ च्या जवळ आला तर सरासरीवाला, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. ३.५४ आला तर तो एसी आणि डीसी दोन्ही धरून मोजतोय. डीटी८३० वर हे करून उपयोग नाही, त्याची सगळ्यात लहान एसी रेंजच २०० व्होल्टची आहे.

घरी आणल्यावर ट्रू आरएमएस मीटर एसीवर ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले तर पडद्यावर शून्याऐवजी शेवटच्या घरात चार-पाच आकडे रेंगाळताना दिसतील. मीटर खराब नाही. आरएमएस काढणारं सर्किट शून्याजवळ नीट चालत नाही, म्हणून कंपन्या अचूकता रेंजच्या काही टक्क्यांपासून पुढेच देतात. २३० मोजताना ते चार-पाच आकडे कुठेच दिसत नाहीत. एवढ्यासाठी मीटर बदलून मागायला परत लॅमिंग्टन रोड गाठू नका.