द्विध्रुवाच्या क्षेत्रात फिरणारा चार्ज

सारख्याच मापाचा एक धन आणि एक ऋण चार्ज अगदी चिकटून ठेवले की झाला विद्युत द्विध्रुव, म्हणजे आपला डायपोल. त्याच्या आसपास सोडलेला तिसरा चार्ज कसा हलतो त्याची ही नोंद. डायपोल जागेवर पक्का, बिंदूएवढा छोटा, आणि गुरुत्वाकर्षण नाहीच असं धरायचं. बारावीत एवढंच शिकवतात की याचं क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं, दुप्पट लांब गेलात की आठवा हिस्सा, आणि मग लगेच गणितं, खरी मजा राहूनच जाते.

फोंड्याकडच्या जुन्या घरांत वसरीवर झोपाळा असतो, तो डोळ्यासमोर आणा. साखळी ताठ ठेवून पाट पार आडवा होईपर्यंत वर नेला आणि सोडला (घरी करू नका, आजी ओरडेल) तर तो अर्धवर्तुळात खाली येऊन पलीकडे तेवढाच वर जाईल. आता डायपोलच्या अक्षाला (दोन्ही चार्ज जोडणाऱ्या रेषेला) काटकोनात, मधल्या पातळीवर, एक धन चार्ज नुसता सोडून द्या, धक्का न देता. तो अगदी तसाच अर्धवर्तुळात ऋण टोकाकडून फिरून पलीकडे पोचतो, क्षणभर थांबतो, परत येतो, आणि साखळी तर कुठेच नाही! मधल्या पातळीवर विभव (पोटेन्शियल) शून्य, चार्ज स्थिर, म्हणून एकूण ऊर्जाही शून्य, आणि मग आत ओढणारं बल वाटेतल्या प्रत्येक जागी वर्तुळात फिरायला लागतं नेमकं तेवढंच निघतं. लोक हमखास चुकतात ते इथे, त्यांना वाटतं चार्ज बलरेषेवरून जातो, तसं नसतं.

झोपाळ्याशी एक फरक मात्र आहे. साखळी दुप्पट केली तर झोक्याचा वेळ 1.41 पट होतो, इथे अंतर दुप्पट केलं तर वेळ चौपट. शिवाय हा झोका फार नाजूक, ऊर्जा शून्याच्या जराशी वर गेली की चार्ज हळूहळू लांब निघून जातो, जराशी खाली आली की झुलत झुलत डायपोलमध्येच पडतो.

डायपोलच्या जागी रेणू आणि फिरणाऱ्या चार्जच्या जागी इलेक्ट्रॉन म्हटलं की क्वांटमचे नियम लागतात. फर्मी आणि टेलर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये दाखवलं की द्विध्रुव आघूर्ण (डायपोलची ताकद, मोजायचं एकक डिबाय) साधारण 1.63 डिबायच्या खाली असेल तर इलेक्ट्रॉन बांधलाच जात नाही. पाण्याचं आघूर्ण 1.85 डिबाय, म्हणजे पास व्हायला हवं, पण खरा रेणू स्वतःच फिरत असतो म्हणून सुटा पाण्याचा रेणू इलेक्ट्रॉन धरून ठेवत नाही, प्रत्यक्षात साधारण 2.5 डिबाय तरी लागतात.