नवस, नागबळी आणि आयव्हीएफ: नाशिकमधली थोडी मागची गोष्ट

नाशिकमधे मूल होण्यासाठी ट्रीटमेंट चालू केली की पहिल्याच महिन्यात दोन ठिकाणी एकच गोष्ट विचारतात, पाळीची तारीख. त्र्यंबकचे गुरुजी विचारतात कारण नारायण नागबळी तीन दिवस चालतो आणि मधेच बाईची अडचण यायला नको, म्हणून ते दिवस सोडून मुहूर्त काढतात. डॉक्टर विचारतात कारण दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून इंजेक्शनं चालू करायची असतात. जे दिवस तिकडे चालत नाहीत नेमके तेच इकडे लागतात. आम्ही दोन्ही केलं, एकाच वर्षात, आणि दोन्ही मनापासून केलं. तेव्हा बरेच जण म्हणाले की एक काहीतरी ठरवा, देवावर विश्वास आहे की डॉक्टरवर. मला तो प्रश्नच पटला नाही, म्हणून हे दोन्ही आपल्यापर्यंत कुठून कसं आलं ते जमेल तसं लिहितेय.

मूल मागणं हे देवापुढचं फार जुनं मागणं. ज्या रामाच्या नावावर आपली पंचवटी, रामकुंड, काळाराम आहे तो राम पण पुत्रकामेष्टीचाच, दशरथाने ऋष्यशृंगाला बोलावून यज्ञ केला आणि पायस राण्यांना वाटून दिलं. गुरुचरित्राच्या ३९ व्या अध्यायात साठ वर्षांच्या बाईला अश्वत्थाच्या सेवेने मूल होतं, तो अध्याय आपल्या हातात कुणी ना कुणी आणून देतंच, मला तीन जणींनी दिला. आनंदवल्लीचा नवश्या गणपती तर नावातच नवस घेऊन बसलाय, राघोबादादा आणि आनंदीबाईंनी मुलासाठी नवस केला, तो पावला म्हणून देऊळ बांधलं असं सांगतात. वणीच्या गडावर देवीची ओटी आहे, नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा असते आणि तिथल्या रांगेत सगळ्या धर्माच्या बायका दिसतात, मला माझी आई घेऊन गेली होती, आम्ही ख्रिश्चन नाही तरी तिने मेणबत्ती लावताना डोक्यावर पदर घेतला.

नागबळीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण बाहेरगावचे लोक त्यासाठीच त्र्यंबकला येतात. मुळात तो संततीचा विधी नाहीच. अकाली गेलेल्या माणसांना गती मिळावी म्हणून नारायणबळी, आणि नाग मारल्याच्या दोषासाठी नागबळी, त्यात कणकेचा नाग करून त्याचे अंत्यसंस्कार करतात. मूल होत नाही म्हणजे घराण्यात मागे कुणीतरी अतृप्त राहिलंय ही समजूत, त्यामुळे तो संततीसाठी करायला लागले. मला त्यातली एक गोष्ट खरंच आवडली. तिथे नवरा-बायको दोघांनाही बसावं लागतं आणि दोष पूर्ण घराण्याचा धरतात. एरवी सगळं बाईवरच येतं, उपास तिचे, प्रदक्षिणा तिच्या, आणि वांझ हा शब्दही तिच्यासाठीच, पुरुषासाठी तसा रोजच्या बोलण्यातला शब्द मला तरी आठवत नाही.

आणि नवसाला नाही म्हणणारे पण आपल्यातलेच. नवसानेच पोरं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, असं तुकोबांनी विचारल्याचं वारकरी घरात ऐकवतात. माझे आजोबा ऐकवायचे आणि तेच आजोबा चैत्रात पायी गडावर जायचे, त्यांना त्यात काही अडचण वाटत नव्हती.

डॉक्टरी बाजू त्यामानाने अगदी कालची. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधे लुईस ब्राउन जन्मली, आयव्हीएफचं, म्हणजे अंडं आणि शुक्रजंतू शरीराबाहेर एकत्र आणून झालेलं जगातलं पहिलं बाळ, त्यामागे डॉक्टर स्टेप्टो, शास्त्रज्ञ एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांच्या कामातून एक मुलगी झाली, दुर्गापूजेच्या दिवसांतली म्हणून ती दुर्गा. त्यांनी एम्ब्रियो, म्हणजे असा बाहेर तयार झालेला गर्भ, गोठवून ठेवला होता आणि नंतर आत सोडला, आज आपल्याकडे जे फ्रोझन ट्रान्सफर सर्रास करतात ते त्यांनी तेव्हा करून दाखवलं. सरकारने नेमलेल्या समितीने ते खरं मानलं नाही, परदेशात जाऊन मांडायची परवानगी पण नाही मिळाली, आणि १९८१ मधे त्यांनी आत्महत्या केली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं पहिलं सायकल, म्हणजे आयव्हीएफचा पहिला पूर्ण प्रयत्न, फेल जाऊन आठवडा झाला होता आणि मी त्या माणसासाठी रडले.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममधे, म्हणजे महापालिकेच्या हॉस्पिटलमधे, हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम, आणि भारतातलं पहिलं म्हणून तेच नोंदलं गेलं. पण आनंद कुमारांनी नंतर मुखोपाध्यायांची कागदपत्रं वाचली आणि १९९७ मधे स्वतःच सांगितलं की पहिला मान त्यांचा आहे. एवढं मोठं मन मला फार कमी ठिकाणी दिसलंय.

१९९२ मधे इक्सी आलं, बेल्जियममधून. एकच शुक्रजंतू सुईने थेट अंड्यात सोडायचा, त्यामुळे ज्या पुरुषांचे काउंट खूप कमी होते त्यांना पण स्वतःचं मूल होऊ लागलं. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं काहीतरी कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणासोबत, आणि त्याची पहिली टेस्ट एकदम साधी असते. तरी आमच्याकडे ती टेस्ट व्हायला दोन वर्षं लागली, तोपर्यंत माझे सोळा सोमवार दोनदा झाले होते. माझे मिस्टर वाईट माणूस नाहीत, त्यांना कुणी करा म्हणून सांगितलंच नाही.

धर्मांनी पण आपापली उत्तरं दिली. कैरोच्या अल-अझहरने १९८० मधे फतवा काढून नवरा-बायकोमधे आयव्हीएफ चालेल, तिसऱ्या कुणाचं काही घ्यायचं नाही असं सांगितलं. कॅथलिक चर्चने १९८७ मधे अधिकृतपणे नकार दिला. हिंदूंमधे असं एका जागी विचारायची सोय नाही, मग प्रत्येक घरात सासूबाई, गुरुजी आणि फॅमिली डॉक्टर मिळून जे ठरेल ते.

आमच्या घरात चार दिवस देवघराला हात लावत नाहीत. माझ्या पहिल्या इंजेक्शनचा दिवस म्हणजे पाळीचा दुसरा दिवस, आणि ज्या दिवशी मला देवाची सगळ्यात जास्त गरज होती त्याच दिवशी मी दिवा लावू शकत नव्हते. फ्रीजच्या दारात अंड्यांच्या कप्प्याखाली ते पेन ठेवलेलं, मी ओट्यापाशी उभी, पोटाची चिमूट धरलेली आणि हात थरथरत होता. आई, म्हणजे सासूबाई, आतून म्हणाल्या, "तू टोचून घे, दिवा मी लावते, काय सांगायचंय देवाला ते मोठ्याने बोल." मी बोलले. दुसऱ्या सायकलला त्या म्हणाल्या, "आता तूच लाव, त्याला सगळं माहितीये." त्यांच्या सासरी हे असं पहिल्यांदाच घडलं होतं.

बाकी मुहूर्ताचं म्हणाल तर ट्रिगरचं, म्हणजे अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन घेतल्यावर साधारण ३६ तासांनी एग पिकअप, म्हणजे अंडी बाहेर काढणं, करावंच लागतं, तिथे राहुकाळ बघून चालत नाही. माझं पिकअप पितृपक्षात आलं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "पितर तुमचेच आहेत ना, ते कशाला आडवे येतील."

एक गोष्ट मात्र नवसातली मला कधीच पटली नाही, मुलगाच दे म्हणणं. त्याच मागणीने सोनोग्राफी मशिनचं काय केलं ते महाराष्ट्राने बघितलं, म्हणून आपल्याकडे १९८८ मधेच गर्भलिंग तपासणीवर कायदा आला, देशाचा १९९४ चा. आयव्हीएफमधे पण मुलगा-मुलगी निवडणं गुन्हा आहे आणि ते तसंच राहिलं पाहिजे.

ट्रीटमेंटसाठीचा वेगळा कायदा खूप उशिरा झाला, डिसेंबर २०२१ मधे. त्याआधी आयसीएमआरच्या २००५ च्या सूचना होत्या, बंधन नव्हतं. आता सेंटरला रजिस्ट्रेशन लागतं, बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५, आणि एम्ब्रियो जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात.

आमचे दोन अजून ठेवलेले आहेत, दरवर्षी पैसे भरतो. ते नक्की कोण आहेत याचं उत्तर मला कुठल्या पोथीत सापडलं नाही, डॉक्टर त्यांना ग्रेड सांगतात. आई रोज संध्याकाळी दिवा लावताना घरातल्या सगळ्यांची नावं घेतात, धाकट्या पुतण्यापर्यंत, आणि शेवटी "आणि त्या दोघांना" म्हणतात.